विंगेत

टॉर्च हातात, वही मांडीवर,
पायाशी डासांची अगरबत्ती.
प्रॉम्प्टरचं काम सोपं. सगळं आधीच ठाऊक असायचं
आणि कुणाला दिसायचं नाही.

मरोळ गावठाणात यंदा नाताळचं नाटक गाण्यांचं.
गोष्ट तीच, शेंबड्या पोरालाही पाठ:
एक कंजूष म्हातारा, एक रात्र, तीन भुतं,
सकाळी माणूस.
वेलिताने फक्त कपडे बदलले.
वर्तमानाचं भूत पाठीवर
डिलिव्हरीची चौकोनी बॅग घेऊन येतं.
भविष्याचं बोलतच नाही,
नुसता बिल्डरचा व्हिडिओ लावतं,
ज्यात आपल्या क्रुसाच्या जागी स्विमिंग पूल.
हॉल हसला. मग हसायचा थांबला.

म्हाताऱ्याच्या कामाला इनास गोन्साल्विस.
एवढा खर्जाचा आवाज गावठाणात एकच,
आणि एवढा चिक्कूही.
मेकअपचे पैसे वाचले, पोरं म्हणाली.
इनास अंकल लोकांचं सोनं ठेवतो, शिलाई मशिनं ठेवतो.
अकरा वर्षांपूर्वी माझ्या पप्पांचा ट्रम्पेट ठेवला,
आठ हजारांवर, हॉस्पिटलच्या डिपॉझिटसाठी.
पप्पा घरी आले नाहीत.
ट्रम्पेटही नाही.

तालमीला वेळेवर यायचा, चहा दुसऱ्याचा प्यायचा,
आणि गाताना, खोटं कशाला सांगू,
माझ्या अंगावर काटा यायचा.
त्याचाच राग जास्त.

तिसऱ्या अंकात त्याला स्वतःची कबर दिसते
आणि मग ते गाणं.
बँडने चार मात्रांचा तुकडा दिला.
तो गप्प.
मी कुजबुजले, 'अजून उजाडायचंय.'
गप्प.
जरा मोठ्याने, 'अंकल, अजून उजाडायचंय.'
तेव्हा त्याने मान वळवली, थेट विंगेत,
टॉर्चच्या उजेडात माझं तोंड बघितलं.
नटाने प्रॉम्प्टरकडे बघायचं नसतं.
'कोलेता,' म्हणाला. माईक चालू होता.
पुढे काही नाही. बाजूच्या दाराने निघून गेला.

लोकांना वाटलं, नाटकातलंच आहे.
बँड तोच तुकडा वाजवत राहिला, फिरून फिरून,
मिंगेलच्या हातातून एक काडी निसटली.
डोक्यावरून मेट्रो गेली, मग दुसरी.
वेलिता माझा खांदा धरून रडत होती, संपलं सगळं.
मी त्या ओळीवर बोट ठेवून बसले.
बोट हललं असतं तर काहीतरी पडलं असतं.

तो आला. पायात चप्पल नाही,
दाढीचा कापूस एका गालावरून लोंबलेला,
हातात काळी पेटी.
ती त्याने माझ्यासमोर ठेवली, विंगेत,
जिथे प्रेक्षकांना दिसत नाही.
मग उजेडात जाऊन उभा राहिला आणि गायला,
अर्धा सूर खाली.

रात्री घरी पेटी उघडली.
मखमल कसरीने खाल्लेली, तिन्ही कळा जाम,
माउथपीसला पप्पांचा रुमाल, गाठ तशीच.
फुंकलं. आवाज नाही,
नुसती हवा, पितळेच्या वासाची.
तरी आतल्या खोलीतून मम्मी म्हणाली,
'हळू वाजव गो, लोक झोपलेत.'

सव्वीस तारखेला इनास अंकल दारात.
गोष्टीतला म्हातारा सुधारला की मेजवानी घेऊन येतो.
हा पावतीबुक घेऊन आलेला.
'वस्तू परत मिळाली. इथे सही कर.'
केली.
'आणि व्याज?' मी विचारलं.
तो बराच वेळ कुलकुलांच्या ताटाकडे बघत राहिला.
एक उचललं.
'ते बघू नंतर.'
मग उंबऱ्याशी थांबला, पाठमोराच:
'त्या कळांत तेल घाल.
शिलाई मशिनचं चालतं.'