कावळा नाका ते वेंगुर्ला, एका दिवसात

पहाटे पाचला कावळा नाक्यावर उभी होती,
हातात वायरची पिशवी,
पायात नवी चप्पल, करकर वाजणारी.
बुकिंग एकाच माणसाचं, गाडी अख्खी.
"म्युझियमातल्या पोरांनी वर्गणी काढली,
नायतर मी कुठली बसतीय असल्या गाडीत, इलाही?"
म्हणाली कोंडाबाई हुजरे.
माझं नाव तिनं पावतीवरून पाठ केलेलं.

एकतीस वर्षं नव्या राजवाड्यात काचा पुसल्या तिनं.
वाघाच्या, गव्याच्या, तलवारींच्या.
"वाघाला आतनं बी पुसलाय मी.
मिशीला फडकं लागू द्यायचं न्हाई.
एकदा लागलं. एक केस पडला.
कुणाला सांगू नको."

मी गाईड माणूस, माझी वाक्यं ठरलेली.
निपाणीला तंबाखूचं एक,
आजऱ्याला घनसाळ तांदळाचं,
त्यावर लोक हमखास विचारतात, किलोला कितीला?
ती उत्तूरलाच झोपली.
मी आरशाला सांगत गेलो.

आंबोलीत धुकं. काच आतून वाफाळली.
जागी होऊन तिनं पहिल्यांदा काच पुसली,
मग बाहेर बघितलं.
"पेपर ठेवत जा गाडीत.
फडक्यानं रेघा उठतात."

सावंतवाडीचा राजवाडा.
मी गंजिफाच्या गोल पानांपाशी गळा साफ केला,
दशावताराचं वाक्य सुरू केलं.
कोंडाबाईनं दाराच्या चौकटीवरून बोट फिरवलं,
बोटाकडं बघितलं,
आणि कोपऱ्यात केरसुणी घेऊन उभ्या बाईकडं गेली
थेट, माहेरची दिसल्यागत.
वीस मिनिटं.
गुडघे, पगार, कबुतरं.
"आमका पाकोळ्यांचो तरास गे बाय," ती बाई म्हणत होती,
आणि मी सिंहासनासमोर एकटा,
माझ्या वाक्यासकट.
निघताना दोघींनी एकमेकींचे हात उलटेपालटे करून बघितले.
का, ते मी विचारलं नाही.

वेंगुर्ल्याला ऊन कलत होतं.
डच वखारीचं वाक्य मी गिळलं.
तिनं चप्पल हातात घेतली,
पिशवी माझ्याकडं दिली,
आणि वाळूवर गेली, दबकत,
ओल्या फरशीवर जातात तशी.
लाट आली. तिच्या पावलांचे ठसे गेले.
ती चार पावलं मागं सरली. ते ठसेही गेले.
बराच वेळ तिनं नुसतं हेच करून बघितलं.

मग ओरडली, वाऱ्यात:
"दिवसातनं किती येळा?"
मी म्हटलं, काय किती वेळा?
"हे पुसतंय ते!"
मी म्हटलं, मावशी, रात्रीपण चालूच असतं.
"सुट्टी?"
नाही.
ती गप्प झाली.
मग कडेकडेनं चालत गेली,
जिथं फेस, सोडणं, कुणाची तरी एकच स्लीपर,
नायलॉनच्या जाळ्याचा गुंता.
कमरेवर हात ठेवून उभी राहिली
सुपरवायझर उभा राहतो तशी.
"कोपऱ्यात ऱ्हायलंय बघ," म्हणाली,
आणि हसली. दिवसभरात पहिल्यांदा.
"एवढं मोठ्ठं हाय, पर कोपऱ्यात त्येचंबी ऱ्हातंय."

पिशवीतनं पिवळं फडकं काढलं तिनं.
मला वाटलं आता सोडून देईल पाण्यात,
लोक देतात काय काय, मी बघितलंय.
तिनं ते भिजवलं, पिळलं,
आणि येऊन माझ्या गाडीची पुढची काच पुसली,
टाचा उंच करून, वरपर्यंत.
मग भाकरी सोडली. खर्डा. मला अर्धी.

रात्री साडेअकराला नाक्यावर सोडलं.
करकर वाजत गल्लीत गेली.

सकाळी पन्हाळ्याचं भाडं होतं, पुण्याचे चौघे.
उजाडलं तशा काचेवर रेघा दिसायला लागल्या,
पांढऱ्या, आडव्या, मिठाच्या.
"भाऊ, काच पुसत नाही का तुम्ही?" मागचा म्हणाला.
माझ्या मांडीजवळ पेपर होता, घडी केलेला.
मी वायपरला हात लावला नाही,
आणि पन्हाळ्याचं पहिलं वाक्य सुरू केलं.