आज कोण?

दादरच्या त्या हॉलमध्ये एकवीस वर्षं मी माईक लावतो.
खाली झेरॉक्सचं दुकान. वर पंखे अकरा, चालू नऊ.
हार घातलेला फोटो कुठे ठेवला म्हणजे
पुढच्या रांगेला काचेत ट्यूबलाइट दिसत नाही, माणूस दिसतो,
ते मला ठाऊक.
वक्ते फोटोकडे पाठ करून उभे राहतात,
"पोकळी" म्हणतात,
आणि प-चा फटका बसून स्पीकर दचकतो.

या वर्षी पोकळ्या पुष्कळ झाल्या.

यमुनाबाई शेजवलकर गेल्या, नाटकात गाणाऱ्या.
मला म्हणाल्या होत्या एकदा,
"तुझं यंत्र राहू दे तिथेच, मी पोचते त्याच्यापर्यंत."
पोचायच्या.
त्यांच्या सभेत जो तो माईक गिळायला आल्यासारखा.

मग केकी भाठेना. मैदानावर पन्नास वर्षं स्कोअर लिहिला,
पोटचा पोरगा पहिल्या बॉलला गेला
तेव्हा त्याचं शून्य
त्याच शाईने, तेवढंच गोल काढलं.
हे सांगताना अंपायर रडला. मी आवाज कमी केला नाही.

भूमितीच्या केहीमकर बाईंचा फोटो आत आणला
तर टक्कल पडलेले साठ-सत्तर विद्यार्थी
कुणी न सांगता उठून उभे.

दोन मिनिटं स्तब्धता, असं म्हणतात.
सव्वा मिनिटापुढे गेलेला अध्यक्ष मी पाहिलेला नाही.
माईक मी तेव्हा चालूच ठेवतो.
खोकला, पर्सची चेन, खालून मशिनचं खर्र-खट्.
कुणाच्या तरी मृत्युपत्राच्या प्रती निघत असतील.

रात्री कांजूरला घरी पोचलो की कुंदा
कढईवरचं झाकण काढता काढता विचारायची,
"आज कोण?"
मी सांगायचो. ती लसूण सोलत ऐकायची
आणि भाषणात नसलेलंच विचारायची.
गोड चालायचं का त्यांना?
शेवटी कुणी केलं, सुनेनं की लेकीनं?
मला कुठे माहीत असणार. मग मी वायरी गुंडाळताना
नातेवाइकांना हळूच विचारायला लागलो.
यमुनाबाईंना गोड चालायचं नाही. तरी खायच्या.

दिवाळीला नऊ दिवस होते, कुंदा गेली.

तेराव्याला दीड खोलीत सतरा माणसं.
माईक नव्हता. फोटो रेशनकार्डावरचा, मोठा केलेला,
काचेत खिडकी दिसत होती आणि मला
टेबल सरकवायचंसुद्धा सुचलं नाही.
डावा कान माझा स्पीकरच्या शिट्ट्या खाऊन कधीचाच गेलाय.
शेजारच्या परकारभाभी बोलायला लागल्या
तर बोटं आपोआप मांडीवर सरकली,
बटण शोधत.
मग उजवा कान पुढे केला.

"सकाळी पाणी भरताना सांगायची सगळं," भाभी म्हणाल्या.
"त्या गाणाऱ्या बाईंचं. तो पारशीबाबा, शून्यवाला.
आमच्या रेहानला गणितात भोपळा मिळाला,
मी मारायला निघाले, तर ही मधे आली.
म्हणाली, भोपळा नीट गोल काढ बाळा, लपवू नको.
मग त्याला तिनंच भूमिती शिकवली.
कुठल्याशा बाईंची पद्धत म्हणे."

कुंदा सातवी पास.
बाईंची पद्धत मी तिला सांगितली होती म्हणजे
भाषणातलं एक वाक्य, भात कालवता कालवता.

म्हणजे आमच्या मजल्यावर, नळाशी,
ही सगळी माणसं येऊन गेली होती.
रांगेत हंडे ठेवून उभी होती.
मला पत्ता नाही.

परवा हॉलवरून उशिरा आलो. जिन्यात दिवा नव्हता.
रेहान दारात बसलेला, चपला घालून, का कोण जाणे.
"काका, आज कोण?"

किल्ली सापडेना.
"आज कुणी नाही रे," म्हटलं.
"साखरपुडा होता. स्पीकर फाटेपर्यंत वाजवला लोकांनी."

"मुलीला गोड चालतं का?" त्यानं विचारलं.

उद्या विचारून येतो, म्हणालो.