चमचा तळाशी असतो

डबा उघडला तेव्हा चमचा दिसलाच नाही.
कोपरापर्यंत हात घातला,
बाही चॉकलेटी झाली,
तेव्हा कुठे सापडला तळाशी
बत्तीसशे रुपयांच्या भुकटीखाली.

तुर्भ्याच्या दाणा मार्केटात, एच गल्लीत,
देवशीशेठच्या पेढीवर मी बिलं लिहिते.
तूर, मसूर, मटकी, हरभरा,
अकरा वर्षं भाव तोंडपाठ.
त्यांच्यात प्रोटीन किती, हे मात्र
डब्याच्या पाठीवरचा तक्ता वाचेपर्यंत
कधी मनातही आलं नव्हतं.

दुपारी गाळा रिकामा झाला
की मी पोत्यांच्या काट्यावर उभी राहते.
चपला काढून. ओढणीसुद्धा बाजूला ठेवून.
एकाहत्तर किलो चारशे.
काट्याला बारदानाचं वजन वजा करता येतं,
माझ्यातलं बारदान कोणतं
ते त्याला कळत नाही.

सहा आठवडे पोळी बंद, भात बंद,
दुपारी नुसता चहा,
रात्री ग्लासभर ढवळलेला चिखल,
सकाळी एक लाल गोळी
आणि थोड्या वेळाने न्हाणीघरात
हळदीसारखा पिवळाधमक हिशोब
जसाच्या तसा वाहून जाताना बघायचा.

"काय घटलं का, ताई?"
सदूभाऊ कोळपे विचारायचे, पाठीवर पन्नास किलो.
"आठशे ग्रॅम."
"एवढी तर हुकाच्या भोकातनं सांडते."

एका बुधवारी ते पोत्यासकट खाली बसले.
पायांना मुंग्या, म्हणाले, महिना झाला,
जीभ सोलल्यासारखी.
मी टेबलाखालून डबा काढला,
स्टीलच्या पेल्यात दोन चमचे, गार पाणी.
ते प्याले. मिशी पुसली.
"सातूचं पीठ आजारी पडल्यागत लागतंय."

कोपरखैरण्याला, सेक्टर सातमध्ये,
आम्ही एकाच बाकावर, एकाच दिवशी रक्त दिलेले.
डॉक्टर टेंबूलकर बाईंनी दोन कागद
शेजारी शेजारी ठेवले.
"साखरेची गोळी किती वर्षं घेता, काका?"
"नऊ."
"तिच्यापायी बी-बारा उतरलंय. सुया घ्याव्या लागतील."
एवढीशी कुपी,
आत डाळिंबाच्या रसासारखं लाल पाणी.
जन्मभर धान्य वाहिलेल्या माणसाला
धान्यात नसलेलंच काहीतरी हवं होतं.

मग माझ्याकडे वळल्या.
"दुपारी काय खाता?"
मी कागदाच्या घडीशी खेळत राहिले.
"रक्तात काही कमी नाही.
तुमच्या दिवसात दुपार कमी आहे."
पावडरचं विचारलं, तर म्हणाल्या,
"आणलीय तर संपवा, नवी कशाला?
डाळीच्या गोदामात बसता ना तुम्ही?"
त्यांना वाटलं, विनोद झाला.

खरं सांगते, मला वाईट वाटलं.
काहीतरी कमी निघावं
अशी आशा लावून बसले होते मी.
कमी असतं तर विकत आणता आलं असतं,
डबा बंद करून फळीवर ठेवता आलं असतं,
आरशाला सांगता आलं असतं
की बघ, कारण सापडलं.

परतताना रिक्षात सदूभाऊ दंड चोळत होते.
मी त्यांना काही बोलले नाही.
भाडं त्यांनीच दिलं, ऐकेनात.

डबा अजून अर्धा आहे, टेबलाखाली.
चमचा धुऊन घरी नेला:
वानगीतली मटकी भिजत घालायला
बरा पडतो, दोन चमचे म्हणजे एकीची उसळ.
दीड वाजता खाते. कधी दोन वाजतात.
काट्यावर परवा उभी राहिले होते,
आकडा सांगणार नाही.

सदूभाऊंची चौथी सुई शुक्रवारी झाली.
मुंग्या गेल्या का विचारलं
तर म्हणाले, उजव्या पायातल्या गेल्या,
डावीकडच्यांना
अजून गाडी मिळाली नाही.