चोकच्या डबीवर हात

जालन्यात आमच्या गल्लीला नळ नवव्या दिवशी येतो,
कधी अकराव्या.
त्यामुळं काचेच्या पेटीतलं पाणी हिरवं झालं
तरी ते मोरीत ओतायला मन धजेना.
साठ लिटर म्हणजे आमच्याकडं
तिघांच्या आंघोळी, वर थोडं धुणं.

मासे आठ होते. म्हणजे ओवी म्हणायची आठ.
हिरव्यात मोजले कुणी?

मी लोकांचे पाण्याचे फिल्टर दुरुस्त करतो.
काढून टाकलेल्या नळ्या, चोक, वायरी
जिन्याखाली गोणीत.
त्यातली एक जंतू मारायची नळी निवडली, अकरा वॅटची,
दोन इंची पीव्हीसी पाइप, दोन टोप्या, एक बारकी मोटर.
रविवारी दुपारी जोडलं
आणि पेटली का बघायला
टोपी काढून आत डोकावलो.
एवढंच. चहा गाळून होईल एवढा वेळ.
लई सुंदर निळं होतं.

रात्री दोनला डोळ्यांत वाळू.
धुतले, तरी वाळू. मिटले, तरी वाळू.
बायको म्हणाली, डोळे आले.
सकाळी रऊफ मिस्त्रीनं पापणी वर करून पाहिली.
चाळीस वर्षं लोखंडी गेटं जोडलेला माणूस.
"कामून रे, वेल्डिंग कधी शिकलास?"
मी नळीचं सांगितलं. तो हसला नाही.
"आमची आर्क डोळे दिपवते, माणूस मान तरी फिरवतो.
तुझी गोड दिसते.
आधी डॉक्टरकडं चल."

दोन दिवस पडदे ओढून पडलो, तेव्हा आठवलं
सर्व्हिसच्या पुस्तकात हे छापलेलं होतं.
निळं दिसतं ते ती नव्हेच.
निळं म्हणजे दाराशी काढलेल्या चपला.
काम करणारी आत असते,
आणि ती कुणालाच दिसत नाही.

दुसऱ्यांदा घाई केली नाही.
जुन्या फिल्टरचं स्टीलचं नळकांडं घेतलं,
जे चार वर्षं मी किलोनं भंगारात घालत आलो.
पीव्हीसी तिच्यापुढं ठिसूळ होतो, आज ना उद्या तडकतो.
नवी नळी क्वार्ट्झच्या बाहीत बसवली.
साधी काच तिला आडवते, आणि बाहीच नसली
तर पाणी विजेला शिवतं.
चोक पेटीवर नाही, लांब भिंतीवर, प्लास्टिकच्या डबीत.
वायर आधी खाली झोळी घेते, मग बोर्डाकडं चढते;
ओघळ आलाच तर झोळीतून फरशीवर ठिपकेल.
बोर्डात गळती पकडणारा ब्रेकर.
त्याच्या किमतीवरून घरात भांडण झालं, ते अजून मिटलेलं नाही.
टोपीला फ्रिजच्या दाराचं बटण, उलटं जोडलेलं:
फ्रिज उघडला की दिवा लागतो,
हे उघडलं की विझतं.
तरी उघडायच्या आधी मी प्लग काढतो.
माझा माझ्यावर तेवढाच विश्वास आहे.

सहाव्या दिवशी पेटीतून पलीकडची भिंत दिसली,
भिंतीवरचं कॅलेंडर,
नळ आला त्या तारखांना घातलेले गोल.
ओवीनं मोजलं. सात.
परत मोजलं, बोट काचेला टेकवून.
मी दगड उचलून पाहिला, झाडाच्या मुळाशी पाहिलं.
काटासुद्धा नव्हता.
कधी गेला ते त्या हिरव्याला ठाऊक,
आणि हिरवं तर मी मारून टाकलं.

डबीवर मार्करनं तारीख लिहिलीय.
नऊ हजार तास, म्हणजे पुढच्या वर्षी ह्याच सुमारास
नळी बदलायची.
तेव्हाही ती अशीच निळी असेल,
फक्त तिच्या हातून काही होत नसेल.
हे तारखेशिवाय कळायला मार्ग नाही.

"बाबा, सगळं झाकलंय, मग पेटलंय हे कसं कळतं?"
मी तिचा तळवा धरून डबीवर ठेवला.
कोमट. आत बारीक गुरगुर.
"मांजर झोपलंय," ती म्हणाली.
बाहेर कुणीतरी ओरडलं, नळ आला,
बायको घागर घेऊन धावली, मीही उठलो,
पण ओवी काही हात काढेना.