मिलान

लश्करच्या कचेरीत तात्या नकलनवीस होते.
पानाला दोन आणे, वर तिकीट, वर शिक्का,
तळाशी बारीक अक्षरात: मिलान किया.
मुळात चूक असेल तर चूकही उतरवायची.
कसरीनं अक्षर खाल्लं असेल
तर तिथे लिहायचं: यहाँ काग़ज़ फटा है.
दुरुस्ती करणारा नकलनवीस, ते म्हणत,
चोर परवडला.

घरात मात्र नक्कल म्हणजे मी.
पोस्टमास्तर सक्सेनांची शिंक,
बोहारणीची घासाघीस,
पुण्याच्या वत्सूमावशीचं पदर सावरत 'इश्श'.
मावशी डोळ्यांतून पाणी येईतो हसली
आणि पुसता पुसता म्हणाली,
तुमचं मराठीच नक्कल आहे ग मुळी,
भाजी 'बनवली' काय,
'येऊन राहिली' काय!

परवा दम्मामहून भाच्यानं एक फोटो पाठवला.
मालट्रकचं दार, धूळ, तीन अक्षरं.
छत्री बाजारात मुनीर जिल्दसाजांना दाखवला.
हातची खळ पुसून त्यांनी चष्मा लावला.
नून. क़ाफ़. लाम.
"नक़्ल. अपनी नकल ही है, बाई.
उधर मतलब ढुलाई.
यहाँ से उठाया, वहाँ रख दिया."

उचललं, ठेवलं.
बस?

पण ट्रकनं नेलेली गोणी मागे उरत नाही,
आणि नक्कल केली तरी
कागद दप्तरात असतोच.
मग आम्हाला कुणीतरी घोड्यांच्या मागून
बावधनहून इकडे आणलं
त्यात यातलं काय झालं?
तिकडे आहे का अजून कोणी
माझ्याच नाकाची,
भाजी 'करणारी',
जिच्यावरून मी उतरले?
एकदा गेले होते विचारायला.
तलाठी मान वर न करता म्हणाला,
कशाची नक्कल हवीय?
मी म्हटलं, राहू द्या.

"आप लोगों में क्या कहते हैं इसे?"
मुनीर मियांनी फोन परत देत विचारलं.
नक्कल.
त्यांनी ऐकलं. पुन्हा म्हणायला लावलं.
"एक क ज़्यादा है."

हो.
वाटेत कुठे चिकटला कोण जाणे,
नर्मदेच्या अलीकडे की पलीकडे.
तात्यांनी सही केली नसती.