मोकळ्या कागदाचे पैसे

गंगावेशीतल्या छापखान्यात
माझ्या संगणकाशेजारी एक स्टूल आहे.
लग्नसराईत त्यावर आळीपाळीनं सगळा जिल्हा बसतो.

त्या दिवशी वडणग्याचे केरबा शेळके बसले.
मांडीवर वही, वहीत एकशे बेचाळीस नावं.
वर जोतिबा, अंबाबाई, बिरदेव,
मग निमंत्रक, विनीत, आजोळ, भावकी,
दूधसंस्थेचे चेअरमन, माजी चेअरमन,
तळाला किलबिल:
ओवी, राजवीर, पिल्लू, आणखी एक पिल्लू,
आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं.

मी वधूवरांच्या नावाभोवती
बोटभर जागा सोडली होती.
त्यांनी पडद्यावर नख टेकवलं.
"हितं काय येणार?"
काही नाही काका, ते मोकळंच.
"पैसं सगळ्या कागदाचं घेतासा न्हवं?
मग मोकळा कागद कशाला इकतासा मला?"

उत्तर होतं माझ्याकडे,
पण ते शिकलगार सरांचं होतं.
इंटरमिजिएटच्या वर्षी संकल्पचित्राच्या तासाला
सर फळ्याला खडू लावायचेच नाहीत.
एकदा तालमीत नेलं. आम्ही मुली दारातूनच बघायचं.
हौद्यात एक थोराड गडी,
त्याला भिडलेला एक काटकुळा,
आणि दोघांतलं कुणीच पडत नव्हतं.
"दोन्हीकडं सारखं, तो तराजू.
तो बघायला गुळाच्या अडतीत जावा.
इथं बघा, बारक्यानं पाय कुठं रोवलाय."

आणि एकदा किरणोत्सवाच्या संध्याकाळी
सर महाद्वारात भेटले, हातात भाजीची पिशवी,
पिशवीतून मेथी बाहेर आलेली.
"ऊन तेच आहे गं, रस्त्यावर पडतंय तेच.
आत अंधार राखलाय, म्हणून त्याला किंमत.
काय दाखवायचं ते मागनं ठरीव.
आधी झाकायचं काय, ते ठरीव."

लयीचा धडा राहूनच गेला. मार्चात सर निवृत्त झाले.
ती मी पुढे इथल्या जुन्या ट्रेडलवर शिकले:
कागद घेणं आणि कागद सोडणं
यांच्यामध्ये यंत्र जेवढं थांबतं, तेवढी.
परीक्षेत मला ब श्रेणी मिळाली.

हे सगळं केरबांना कोण सांगणार?
मागे चार गिऱ्हाइकं उभी.
मी बोटभर जागेत दोन मोर बसवले,
मोरांच्या मध्ये कलश,
कलशावर नारळ, नारळावर स्वस्तिक.
एकशे बेचाळीस नावं मावली.
एकही दिसेना.
ते खूश होऊन गेले, जाताना मला चहा सांगून.

दिवाळीच्या तोंडावर परत आले.
स्टूलवर बसले नाहीत. वही नव्हती.
खिशातून एसटीचं तिकीट काढलं,
त्याच्या पाठीवर पेननं:
हौसाबाई केरबा शेळके.
उत्तरकार्य. वार. वेळ.

शोकाकुलमध्ये कुणाकुणाची नावं घेऊ?
"कुणाची नगं. सगळ्यांस्नी ठावं हाय."
फोटो?
"काढूच दिला न्हाई कवा.
लग्नातल्या एका फोटूत हाय, पार कडंला.
पदर तेवढा आलाय."

मी चौकट काढली. मग पुसली.
कोपऱ्यातला दिवा काढला, तोही पुसला.
नाव घेतलं, अठरा पॉइंटात,
आणि कागदाच्या मध्याच्या जरा खाली,
जरा उजवीकडे ठेवलं.
वर सगळं पांढरं.
हात आपोआप मोरांकडे गेला होता, तो मागे घेतला.

ते वाकून बघत राहिले.
मला वाटलं, आता विचारणार.
"मधी न्हाई घेतलं?"
मधी घेऊ का?

पंख्याखाली तिकीट फडफडत होतं.
त्यांनी त्यावर हात ठेवला.
"नगं. ऱ्हाऊ दे.
अशीच बसायची ती. दाराच्या अंगाला."

मग थुंकी लावून नोटा मोजल्या,
सगळ्या कागदाच्या.