पाठीमागची चुणी

मुकादम बार्नाबे म्हणाला, इलेर, तुला पाठ.
चेहरा दुसऱ्यांना गेला होता, मशालही.
माझ्या वाट्याला झग्याची एक चुणी,
गुडघ्याच्या मागे, वरून खाली,
माझ्या दुप्पट उंच.

आधी हातभर प्लास्टरची बाई होती.
मग पुरुषभर. मग घराएवढी.
दर वेळी ओळंबे सोडायचे, ठिपके मोजायचे,
एक माप चुकलं की सगळं पहिल्यापासून.
सुतारांनी चुणीचा लाकडी साचा केला,
त्यावर तांब्याचा पत्रा ठेवून
मी आतून ठोकत गेलो.

आतून. हे कुणाला सांगून पटत नाही.
बाहेर फुगवटा, तिथे मला खड्डा;
जगाला दिसेल ती घळ, माझ्या मांडीशी टेकडी.
पत्रा दोन नाण्यांएवढा जाड:
जास्त ठोकला तर फाटतो,
कमी ठोकला तर रुसून उभा राहतो.

चुणी जमेना.
झाडाच्या सालीसारखी दिसायची, कापडासारखी नाही.
झेली लोकांच्या चादरी धुवायची.
तिला विचारलं, ओलं कापड पडतं कसं?
"चार वर्षं एका बाईचा झगा करतोस
आणि बायकोला आज विचारतोस?"
चादर पिळली, झटकली, खांद्यावरून सोडली.
"बघ. आधी ते स्वतःच्या वजनाचं ऐकतं,
मग वाऱ्याचं."
दुसऱ्या दिवशी पत्रा भट्टीवर नरम केला
आणि पहिल्यापासून सुरुवात केली.

ती गल्लीतच उभी राहिली, धुराड्यांच्या वर.
आत लोखंडाचा सांगाडा, त्यावर तांबं टांगलेलं.
दोघांत अस्तर, कारण नुसते भिडले
तरी एकमेकांना खातात.
रविवारी गावभरचे लोक येत, समोरून बघत.
झेली आणि मी मागच्या बोळात गेलो.
तिथे कुणाचं तरी धुणं वाळत होतं
आणि त्याच्या वर माझी चुणी.
झेली बराच वेळ बघत राहिली.
मग म्हणाली, खालचं टोक थोडं ताठ आहे.

होतं.

पुढे ती खिळा खिळा सुटी केली,
पेट्यांत भरली, पेट्यांवर आकडे घातले.
माझी पेटी गाडीत चढली तेव्हा
मी दुसऱ्याच कुणाच्या हंड्याला डाग देत होतो.

आता कान गेलेत. ठोक्यांनीच नेले.
झेली जाऊन सहा हिवाळे झाले.
काल तिकडून कार्ड आलं,
तिच्या भाचीचं, ओक्ताव्हीचं.
चित्रात ती हिरवी.
मला वाटलं, रंगाऱ्याची चूक.
शेजारच्या तांबटाच्या पोरानं पाटीवर लिहून दाखवलं:
कळकली.
खरंच की. तिला कल्हई कोण करणार,
तीही इतक्या उंचावर.

मी कार्ड उलटं केलं,
मागची बाजू बघायची सवय.
ओक्ताव्हीनं लिहिलं होतं,
बोटीवर सगळे रडत होते, काका,
पुढे गेल्यावर एकटी मीच वळले.
मावशीची चादर
अजून ओली दिसते.